छोट्या कुत्र्याची किडनी: पथ्याचं खाणं खातच नाही, काय करावं?

चिमणदाणा:
नमस्कार मंडळी. आमचा पिंट्या, वय ११, वजन ५.२ किलो, पॉमेरेनियन आणि आणखी कशाकशाचं मिश्रण. काही महिने पाणी फार पितोय, रात्री शूसाठी उठवतोय. वजन उतरलं म्हणून रक्त तपासलं तर क्रिएटिनिन २.६ आलं. डॉक्टरांनी क्रॉनिक किडनी डिसीज सांगितला आणि किडनीचं खास डबाबंद खाणं लिहून दिलं. साहेब त्याचा वास घेतात, माझ्याकडे बघतात आणि निघून जातात.

घरात तीन मतं आहेत. नवरा म्हणतो, मांस एकदम बंद. बहीण म्हणते, घरीच सलाइन लावू, तिच्या मैत्रिणीच्या मांजरीला लावतात. माझं म्हणणं, आधी त्याने चार घास पोटात घालावेत, मग बाकीचं बघू. ज्यांनी हे घरात काढलंय त्यांनी सांगा, नक्की कशाच्या मागे लागायचं?

शेपूटवाली:
तुमच्या मताला +१. पण नुसत्या क्रिएटिनिनवर कोणी काही सांगू नये आणि तुम्ही ऐकूही नये. लघवीचा रिपोर्ट आहे का? त्यातली स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवी किती दाट-पातळ आहे तो आकडा, किती? लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण, म्हणजे यूपीसी, काढलंय का? बीपी बघितलं का? फॉस्फरस किती? रक्त काढलं तेव्हा तो उलट्या होऊन सुकलेला होता की ठीक होता? हे सगळं टाका, मग बोलू.

मुद्द्याचं_बोला:
यात एवढं काय? किडनीवर ताण प्रोटीनचा येतो. अंडी, चिकन सगळं बंद करा, मऊ भात आणि उकडलेल्या भाज्या द्या. माझ्या ओळखीत एकाने हेच केलं, पुढच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन खाली आलं.

स्लाइडवाला:
@मुद्द्याचं_बोला, त्या ओळखीतल्या कुत्र्याचं वजन किती खाली आलं, तेही विचारून सांगा.

मी प्राण्यांच्या लॅबमध्ये काम करतो. असे रिपोर्ट रोज डोळ्यांखालून जातात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये आणि बाहेर जातं किडनीतून. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो: किडनी किती गाळते आणि अंगावर स्नायू किती आहेत. प्रोटीन तोडलं, कुत्रा खंगला, मांड्या गेल्या, की क्रिएटिनिन तयारच कमी होतं. आकडा खाली येतो, घरचे खूश होतात, आणि किडनी आहे तिथेच असते. छोट्या, म्हाताऱ्या कुत्र्यात तर हे हमखास होतं, कारण मुळात अंगावर मांस ते किती!

यासाठी एसडीएमए नावाची चाचणी आहे. तिच्यावर स्नायूंचा परिणाम होत नाही आणि ती लवकर वाढते. किडनीचं साधारण ४० टक्के काम गेलं की एसडीएमए हलायला लागतं. क्रिएटिनिन मर्यादेबाहेर जायला जवळजवळ ७५ टक्के जावं लागतं. 'मागच्या वर्षी तर सगळं नॉर्मल होतं' हे वाक्य म्हणूनच इतक्या वेळा ऐकू येतं.

टप्पे जगभर आयरिस या प्राण्यांच्या किडनीतज्ज्ञांच्या गटाच्या पद्धतीने ठरवतात. कुत्र्यांत क्रिएटिनिन (मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर) १.४ च्या आत पहिला टप्पा, १.४ ते २.८ दुसरा, २.९ ते ५.० तिसरा, त्याच्या वर चौथा. मात्र हे एका नमुन्यावर ठरत नाही. कुत्रा स्थिर असताना, अंगात पाणी पुरेसं असताना, उपाशीपोटी, निदान दोनदा मोजायचं. सुकलेल्या कुत्र्याचं रक्त काढून चौथा टप्पा म्हणायचं आणि सलाइननंतर दुसरा, ही आमच्याकडे नेहमीची गंमत.

चिमणदाणा:
बापरे, इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. रिपोर्ट समोर घेऊन बसलेय. ग्रॅव्हिटी १.०१४. यूपीसी ०.९. फॉस्फरस ६.१. बीपी १६५, पण त्या दिवशी तो इतका थरथरत होता की मोजणाऱ्या मुलाचाच हात हलत होता. आणि हो, हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर जादा आवाज आहे, दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, तेव्हा औषध लागलं नव्हतं. उलटी आठवड्यातून एखादी, पिवळी, पहाटे. ओठ चाटत बसतो.

पांढरा_कोट:
मी व्हेट आहे, पण पिंट्याची व्हेट नाही. तेव्हा हे सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोलायचे मुद्दे समजा.

पहिलं म्हणजे ओठ चाटणं. वाटीकडे जायची, वास घ्यायची इच्छा आहे पण खात नाही, गवत शोधतो, लाळ गिळतो, पहाटे पिवळं ओकतो, हे सगळं मळमळीचं लक्षण आहे. त्याला ते खाणं आवडत नाही असं नाही, त्याला आत्ता काहीच नकोय. अशा अवस्थेत नवीन खाणं पुढे केलं की कुत्रा त्या वासाची सांगड मळमळीशी घालतो आणि मग बरं वाटल्यावरसुद्धा ते कायमचं नाकारतो. म्हणून क्रम उलटा: आधी मळमळ आटोक्यात (मॅरोपिटंट, ऑन्डॅनसेट्रॉन यांतलं काय ते डॉक्टर ठरवतील), मग जे नेहमीचं खातो ते खाऊ दे, आणि तो वाटीकडे स्वतः यायला लागला की किडनीचं खाणं चमचाभर मिसळायचं. दोन-चार आठवडे लागले तरी लागू देत. त्या खाण्यात गोळी कधीच लपवू नका. एकदा कडू लागलं की गेलं.

दुसरं, प्रोटीन. दुसऱ्या टप्प्यात प्रोटीन बंद करायचं नसतं. किडनीच्या खाण्याचा पहिला फायदा फॉस्फरस कमी असण्यात आहे. बरोबर मीठ कमी, ओमेगा-३ जास्त, प्रोटीन बेताचं पण चांगल्या दर्जाचं. २००२ साली अमेरिकेत ३८ कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात किडनीच्या खाण्यावरच्या कुत्र्यांना युरेमियाचे (रक्तात टाकाऊ द्रव्यं साचून होणाऱ्या त्रासाचे) झटके कमी आणि उशिरा आले, आणि ते नेहमीच्या खाण्यावरच्या कुत्र्यांपेक्षा जास्त जगले. तेव्हा हे खाणं म्हणजे कंपन्यांचा धंदा आहे, असं कोणी म्हणालं तर सोडून द्या. पण ते वाटीत पडून राहिलं तर त्याचा उपयोग शून्य. न खाल्लेल्या आदर्श जेवणापेक्षा खाल्लेलं साधं जेवण कधीही बरं.

तिसरं, फॉस्फरस ६.१. दुसऱ्या टप्प्यात तो ४.६ च्या खाली ठेवायचा असतो. खाण्याने नाही आला तर फॉस्फेट बाइंडर असतात. ते जेवणातच मिसळायचे, कारण त्यांचं काम पोटात अन्नातला फॉस्फरस धरून ठेवणं हे आहे. जेवणानंतर तासाभराने दिलेला बाइंडर वाया. आणि रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असेल तर कॅल्शियमवाला बाइंडर चालत नाही.

बीपी आणि यूपीसीवर नंतर लिहिते, ओपीडी सुरू झाली.

घारी:
माझ्या शिट्झूला चौदा महिन्यांची असतानाच किडनीचा आजार निघाला. 'म्हाताऱ्या कुत्र्यांना होतं' एवढंच सगळीकडे वाचलं होतं, त्यामुळे महिनोन्महिने सगळे इतर कारणं शोधत राहिले. शिट्झू, ल्हासा अप्सो यांच्यात किडनी जन्मतःच नीट न घडण्याचा आजार असतो. तेव्हा पिल्लू फार पाणी पीत असेल, वाढत नसेल, शू शिकतच नसेल, तर वय लहान आहे म्हणून हे सोडून देऊ नका.

उनाड_बोका:
सलाइनबद्दल लिहितो. आमच्या बाळूला (चौथा टप्पा, ७ किलो, हृदय ठणठणीत) डॉक्टरांनी शिकवून घरी चालू केलं होतं.

रिंगर लॅक्टेट या सलाइनची बाटली कोमट पाण्यात ठेवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. गार गेलं की तो अंग काढून घेतो. बाटली दाराच्या वरच्या कडीला. बाळूला टेबलावर, माझ्याकडे पाठ करून, पुढे बायको चमचा घेऊन. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचलली की खाली एक पोकळी होते, सुई त्या पोकळीत, पाठीला समांतर. फार जोरात गेली तर पलीकडून बाहेर येते आणि केस ओले होतात, तेव्हा समजायचं. चालू झालं की कातडीखाली उशी फुगते. बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवलेली, रेघेला पाणी आलं की चिमटा बंद. सुई काढल्यावर मिनिटभर बोटाने दाबून धरायचं. ती उशी मग घरंगळत पुढच्या पायात उतरते, एका बाजूचा पाय सुजल्यासारखा दिसतो. पहिल्यांदा बघून घाबरगुंडी उडते, पण काही तासांत जिरतं. दुसऱ्या दिवशीही उशी तशीच असेल तर पुढचं सलाइन लावायचं नाही, फोन करायचा.

दर वेळी नवी सुई. पाणी गढूळ दिसलं तर बाटली फेकायची. आणि कातडीखाली पाच टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) कोणीही लावू नका, घरात उरलंय म्हणून तर नाहीच.

मुद्द्याचं_बोला:
मग हे सगळ्यांनाच का देत नाहीत? किडनी धुऊन निघेल की.

पांढरा_कोट:
'धुऊन निघणं' हा शब्द डोक्यातून काढा. सलाइनने किडनी धुतली जात नाही. किडनी पाणी राखू शकत नाही, कुत्रा जितकं गमावतो तितकं पिऊ शकत नाही, ती तूट भरून काढायला सलाइन. पिंट्या भरपूर पितोय, बाहेरून सुकलेला नाही, दुसऱ्या टप्प्यात आहे. त्याला आज सलाइनची गरज दिसत नाही. पाण्याची भांडी दोन-तीन ठेवा, कधीही उचलू नका, रात्री शू होते म्हणूनसुद्धा नाही. ५ किलोच्या कुत्र्याने दिवसात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी पिणं म्हणजे जास्तच, पण ते तो किडनीची भरपाई म्हणून पितोय.

आणि पिंट्याला मर्मर आहे. छोट्या जातींत म्हातारपणी हृदयाची झडप गळणं फार दिसतं, आणि तिथे हे प्रकरण अवघड होतं. हृदयाला जास्तीचं पाणी आणि मीठ नको असतं, किडनीला कोरडं पडलेलं चालत नाही. सलाइन जास्त झालं तर पाणी फुप्फुसात. हृदयासाठी लघवीचं औषध जास्त झालं तर क्रिएटिनिन वर. या दोन्हींच्या मधली वाट प्रत्येक कुत्र्याची वेगळी असते, म्हणून बहिणीच्या मैत्रिणीच्या मांजरीचं प्रमाण याला लावू नका. छातीचा एक्सरे आणि जमलं तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. घरी करण्यासारखं एक: तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला श्वास मोजा. ३० च्या आत असायला हवेत. रोज वाढत चालले तर फोन.

आता बीपी. १६५ हा आकडा थरथरणाऱ्या कुत्र्याचा आहे. शांत खोलीत, तुमच्या मांडीवर, दहा मिनिटं बसवून मग मोजायला सांगा. पट्टा पायाच्या घेराच्या साधारण ४० टक्के रुंद हवा. छोट्या कुत्र्याला पट्टा फार अरुंद लावला की बीपी खोटं जास्त येतं. पहिलं मोजमाप सोडून द्यायचं, मग पाच-सहांची सरासरी. खरंच १६० च्या वर राहिलं तर उपचार लागतो, १८० च्या वर डोळे आणि मेंदूला धोका. अचानक दिसेनासं झालेलं कुत्रं कधीकधी बीपीचं निघतं.

यूपीसी ०.५ च्या वर म्हणजे किडनीतून प्रथिनं गळतायत. पण आधी लघवीत जंतू आहेत का ते बघायचं. त्यासाठी लघवी पोटातून सुईने घेऊन कल्चर करायचं, म्हणजे लॅबमध्ये जंतू उगवतात का ते बघायचं. ग्रॅव्हिटी १.०१४ इतकी पातळ असली की जंतुसंसर्ग गपचूप राहू शकतो, जळजळ वगैरे काही दिसत नाही. मग दोन आठवड्यांनी यूपीसी पुन्हा. तरी जास्त आलं तर बेनाझेप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखं औषध, आणि सुरू केल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचंच. गोचीडताप होऊन गेलाय का, तेही डॉक्टरांना सांगा. त्यानेही प्रथिनं गळतात.

रातकिडा:
मी एक आयुर्वेदिक किडनी टॉनिक वापरलं होतं. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलही. कोणाला फायदा?

शेपूटवाली:
टॉनिकच्या बाटलीवर सगळे घटक प्रमाणासकट लिहिलेले नसतील तर नको. घटक लिहिलेले असले तरी डॉक्टरांना दाखवून. कॅप्सूलचा पुरावा कच्चा आहे. दिवसाला गोळ्या किती तोंडात कोंबायच्या याला मर्यादा असते, ती मर्यादा कामाच्या गोळ्यांवर खर्च करा.

त्यापेक्षा घरातलं विष बघा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन. द्राक्षं आणि मनुके, हे तर निरोगी कुत्र्याचीही किडनी बंद पाडतात आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. उंदराचं औषध. कांदा-लसूण, कारण रक्त आधीच कमी असतं. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, किडनीवर जाणारा जंतुसंसर्ग) लस चुकवू नका. आणि संधिवातासाठी मागे लिहून दिलेली वेदनाशामक उरली असेल तर परत सुरू करायच्या आधी विचारा.

चिमणदाणा:
आणि खाऊचं काय? त्याला वाळवलेल्या चिकनच्या पट्ट्या आवडतात. तेवढाच त्याचा आनंद आहे हो.

स्लाइडवाला:
नेमकी तीच वस्तू सोडा. २००७ पासून अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे अशा वाळवलेल्या पट्ट्यांबद्दल तक्रारी आल्या, त्यांत छोटी कुत्री बरीच होती. काहींना फॅन्कोनीसारखा, म्हणजे किडनीच्या सूक्ष्म नळ्यांचा आजार झाला. रक्तातली साखर नॉर्मल आणि लघवीत मात्र साखर. शिवाय फॉस्फरस असतोच. हाडं, चीज, दूध पावडर, कलेजी हे सगळं फॉस्फरसचं कोठार. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चालतो, फॉस्फरस पिवळ्या बलकात असतो. सफरचंदाची फोड, बिया काढून. डबाबंद किडनी खाण्याचे छोटे गोळे करून थोडे भाजून बघा, पुष्कळांना तेच खाऊ वाटतं.

पांढरा_कोट:
घरी शिजवून द्यायचं असेल तर प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून पाककृती घ्या आणि ती तशीच पाळा. भात, अंड्याचा पांढरा भाग आणि तेल एवढ्यावर महिनोन्महिने ठेवलं तर कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्वं सगळं अपुरं पडतं. हाडं काढली की कॅल्शियम जातं, हे लोक विसरतात. खाणं अजिबातच जमलं नाही तर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवता येते. ऐकून अंगावर काटा येतो, पण छोट्या कुत्र्याला तोंडात सिरिंज कोंबण्यापेक्षा ते पुष्कळदा सुखाचं जातं, आणि औषधंही त्यातूनच.

उनाड_बोका:
आणि वजन! घरी बाळांचा वजनकाटा असेल तर तोच वापरा. माणसांच्या काट्यावर उभं राहून वजाबाकी करून चालत नाही. ५ किलोच्या कुत्र्याचे १०० ग्रॅम जाणं म्हणजे दोन टक्के, ते त्या काट्यावर दिसतच नाही. आठवड्याला एकदा, सकाळी, शू झाल्यावर, खाण्याआधी. आणि पाठीवरून हात फिरवा. मणके बोटांना टोचायला लागले की वजन काहीही सांगो, स्नायू जातोय.

चिमणदाणा:
कळवते. मळमळीचं औषध सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून ओट्यापाशी येऊन बसला. डॉक्टरांनी भूक वाढवायचं औषध तूर्त नको म्हटलं. नेहमीचं खाणं दिलं, कोमट करून, वीस मिनिटांनी वाटी उचलून. आता नवं-जुनं निम्मंनिम्मं खातोय. वजन ५.३५. कल्चरमध्ये काही उगवलं नाही. बीपी माझ्या मांडीवर १४६. यूपीसी पुन्हा ०.८, म्हणून टेल्मिसार्टन. फॉस्फरस ५.२ वर आलाय, पूर्ण नव्या खाण्यावर गेल्यावर परत मोजून बाइंडरचं ठरवू म्हणाले. एक्सरेमध्ये हृदय थोडं मोठं, सलाइन नको, हे डॉक्टरांनी बहिणीला स्वतः सांगितलं, बरं झालं.

क्रिएटिनिन २.७ आहे. आधी २.६ होतं. नवरा म्हणतो, सगळं करून वाढलंच ना?

स्लाइडवाला:
२.६ आणि २.७ मधला फरक मशीनचा आहे, पिंट्याचा नाही. उलट वजन वाढून एवढंच राहिलं, हे चांगलं. त्यात टेल्मिसार्टनसारख्या औषधाने थोडं वर सरकणं अपेक्षितच असतं.

चिमणदाणा:
एक शेवटचं. तोंडाला वास येतो, मागची दाढ हलतेय. भूल द्यायला भीती वाटते.

पांढरा_कोट:
वास दोन प्रकारचा असतो. युरेमियाचा अमोनियासारखा, आणि सडलेल्या दातांचा. दुसऱ्या टप्प्यात बहुधा दातांचाच. हलणारी दाढ म्हणजे रोजचं दुखणं आणि जंतूंचं घर, त्यापायी खाणं परत सुटेल. किडनीचा आजार आहे म्हणून भूल द्यायचीच नाही असं नसतं, पण तयारी लागते: आधी रक्त, बीपी, हृदयाचा इको, भूल चालू असताना शिरेतून मोजून सलाइन, बीपी सतत मोजत राहणं, आणि काम कमीत कमी वेळात. टेल्मिसार्टन त्या सकाळी द्यायचं की नाही ते आधी विचारा. दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक काही द्यायचं नाही, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना तोंडी सांगा आणि फाइलवर लाल पेनने लिहून घ्या. दाढ बधिर करायचं इंजेक्शन देऊन काढता येते. फॉस्फरस आणि टेल्मिसार्टननंतरचं पोटॅशियम येऊ द्या, मग तारीख घ्या.